एकोणीस सेकंद

लॉस एंजेलिस
११ मार्च

नेटा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील. फाडून टाकण्याआधी एवढं लक्षात घे, की पत्र डेजाबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही.

तुझी लेक या महिनाअखेरीस संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात गाणार आहे, हे तिनं तुला सांगितलं असेलच. गाण्यामागे आधीच मुद्रित केलेला आवाज नको म्हणून तिनं हट्ट धरलाय, हे मात्र सांगितलं नसेल. सगळं तिथल्या तिथं, घशातून. आजकाल या सोहळ्यांत निम्म्या लोकांचे नुसते ओठ हलतात, गाणं आधीच डब्यात भरलेलं असतं, आणि कुणी काही बोलत नाही. पण आपली काळी बाई उभी राहिली आणि एक सूर हलला, तर दुसऱ्या दिवशी देशभर तिचं हसं होतं. मी तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, डब्यातलंच खायचं होतं तर मी पाइन ब्लफचं घर कशाला सोडलं असतं?" तोंड अगदी तुझं घेतलंय तिनं.

हो, आम्ही भेटतो. दोन वर्षांपासून भेटतो. आणि तिच्या मागे गाणाऱ्या तिघींमध्ये मी आहे. मी मागायला गेले नव्हते. तिथला संगीत-संयोजक ब्रायसन, त्यानं मला बोलावलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पाठीमागे उभी राहून गातेय. माझं नाव बाहेर कुणाला ठाऊक नाही, पण या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: अर्लीन मागे असली की गाण्याला भोक पडत नाही. पुढची बाई शब्द विसरली, तिला दम लागला, हुंदका आला, तर तिच्या तोंडून निसटलेली ओळ मी उचलते. घरी बसून बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही.

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे.

डेजानं तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवलीय. चौथी रांग, कडेची, म्हणजे तुला गुडघा लांब करून बसता येईल. ये. ती सारखी विचारते, आई इकडे का येत नाही. मी म्हणते, तिचा गुडघा. कुणीही विचारलं तरी अकरा वर्षं मी सगळं तुझ्या गुडघ्यावर ढकलत आलेय.

आईला पुरलं त्या दिवशी जे झालं, ते तू अजून उराशी धरून बसली असशील, तर मला खरंच कळत नाही. तू रडत होतीस, मी मदत केली. चर्चचे पाळकसुद्धा म्हणाले, बरं झालं अर्लीन होती. तेवढीच ती गोष्ट.

तिकीट सोबत आहे.

अर्लीन


२९ मार्च, तालमीनंतर

नेटा,

तुझं उत्तर नाही. मला वाटलंच होतं.

पाय मिठाच्या पाण्यात सोडून लिहितेय. आज सहा तास उभं केलं. कॅमेरेवाल्यांना कोण कुठं बसणार ते कळावं म्हणून प्रत्येक खुर्चीवर त्या माणसाच्या तोंडाचा फोटो चिकटवलेला मोठा पुठ्ठा लावतात. म्हणजे आपण पुठ्ठ्यांसमोर गायचं. बरं असतं तसं, पुठ्ठे जांभया देत नाहीत. चौथ्या रांगेत तू आहेस. डेजानं फोटो दिलाय तो चर्चमधला, दारात उभी राहून लोकांना जागेवर नेऊन बसवतेस ना, त्या पांढऱ्या गणवेशातला. हातमोजेसुद्धा दिसतात. गाणं सोडून तू दारात उभी राहायला लागलीस हे मला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. चांगली दिसतेस. जाड झालीस थोडी. मीही झालेय.

आता गाण्याचं सांगते, नाहीतर नंतर म्हणशील लपवलं. डेजाचं गाणं चार मिनिटांचं, तिचं स्वतःचं. पण मध्येच सगळी वाद्यं थांबतात, फक्त ऑर्गन उरतो, आणि ती आईचं गीत घेते. हो, तेच, तिला पुरताना चर्चमध्ये म्हटलेलं. शिकवलंस कधी, असं विचारलं मी. "शिकवलं कुठं? आई भांडी घासताना गुणगुणायची, मी भांडी पुसायचे," म्हणाली. तू अजून गुणगुणतेस हे मला तिथं कळलं.

ब्रायसन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस अर्लीन, पोरगी तिथं हळवी होते. आमच्याकडे दहा सेकंदसुद्धा जास्तीचे नाहीत. ती थांबली, की तुम्ही उचलायचं. तुमचा माइक चालूच ठेवतोय." मी म्हटलं, "सांगायला कशाला पाहिजे?"

आणि सांगायला नव्हतंच पाहिजे. आज दुपारी ती दुसऱ्या ओळीपाशी श्वास घ्यायला थोडी रेंगाळली, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. ओळ मी गाऊन टाकली. छान झाली. ब्रायसननं अंगठा दाखवला. डेजा वळली आणि तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. नेटा, ती नजर मी पूर्वी एकदा पाहिलीय.

ये बाई. तू आली नाहीस तर ती खुर्ची रिकामी ठेवणार नाहीत. टीव्हीला रिकामी खुर्ची चालत नाही. त्यासाठी नटवून तयार ठेवलेली माणसं असतात, ती पटकन नेऊन बसवतात. तुझ्या जागेवर कुणीतरी भलतीच बसेल.

मी असल्यामुळे येत नसशील, तर तसं कळव. मग बघू काय करायचं ते.

अर्लीन


१ एप्रिल

नेटा,

काल टीव्हीवर बघितलं असशील. माझ्या कानात सूचना देणारं यंत्र बिघडलं होतं. त्यामुळे ब्रायसन काय ओरडत होता ते मला ऐकू आलं नाही आणि मी वेळेवर ओळ उचलू शकले नाही. असं होतं कधी कधी.

डेजा ठीक आहे. काळजी करू नकोस.

अर्लीन


४ एप्रिल

नेटा,

एक तारखेच्या पत्रातलं खोटं आहे. यंत्र चांगलं होतं. ब्रायसनचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तीन दिवस अंथरुणातच आहे म्हण. उठते, चहा करते, तो गार होतो, परत आडवी होते. कामावरून काढलंय, ते पुढे लिहीन. आधी झालं ते सांगते, कारण तू जे टीव्हीवर पाहिलंस ते अर्धंच आहे.

त्या दिवशी पुढे गाणाऱ्यांच्या यादीत आपल्या बायका तीनच होत्या. एकीला अगदी सुरुवातीला ठेवलं होतं, नाच, ठिणग्या, सगळं. एकीला मधे. आणि डेजाला जाहिरातींच्या तोंडाशी. जाहिरातींच्या तोंडाशी गाणं म्हणजे मागून कुणीतरी दार ढकलतंय आणि आपण उंबऱ्यात उभे आहोत, असं. पण पोरीनं सुरुवात काय केली. अडीच मिनिटं ती अशी गायली, की माझ्या शेजारच्या शॅरिसनं, ती पण चर्चचीच पोर, गाता गाता माझा हात दाबला. पुठ्ठ्यांच्या जागी खरी तोंडं होती आणि ती तोंडं उघडीच राहिली होती.

मग वाद्यं थांबली. ऑर्गन राहिला. डेजानं आईच्या गीताची पहिली ओळ घेतली आणि चौथ्या रांगेकडे बघितलं.

सोनेरी झग्यातली एक बाई बसली होती तिथं. बिचारी हसत होती, कॅमेरा आपल्यावर असेल म्हणून.

डेजा थांबली. दुसरी ओळ आलीच नाही. माइक छातीशी धरला आणि खांदे हलायला लागले. ब्रायसन माझ्या कानात: "उचला, मिस अर्लीन. उचला." मी तोंड उघडलं. ओळ तयार होती, जिभेवर होती. तेवढ्यात तिनं डावा हात वर केला. असा, पंजा उघडा, बाजूला. तुला सांगायला नको कसा.

आता ते लिहायला हवं, जे मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

आईला पुरलं त्या दिवशी ते गीत तू सुरू केलं होतंस. आपल्याकडे जिनं सुरू केलं तिचंच ते. ती थांबली तर बाकांवरून म्हणायचं, "सावकाश, बाळा," ऑर्गनवालीनं सूर धरून ठेवायचा, आणि बसायचं. पाच मिनिटं लागोत, दहा लागोत. ती परत येते. कुणाच्या तोंडातला घास आपण काढून खात नाही. हे आपण चालायला शिकायच्या आधी शिकलो. तू दुसऱ्या कडव्यात थांबलीस, आणि सगळं चर्च म्हणालं, "सावकाश, नेटा, सावकाश." तू हात वर केलास. मी अकरा वर्षं लोकांना सांगितलं की तू माझी मदत मागत होतीस. तू थांबायला सांगत होतीस. मी तो हात पाहिला होता आणि मला त्याचा अर्थ कळला होता. पण मी लॉस एंजेलिसहून आले होते, माझ्या अंगात घड्याळ शिरलं होतं, आणि ती शांतता मला सहन झाली नाही. मी गायले. आणि फार चांगली गायले. लोक उठून उभे राहिले. नेटा, मला ते आवडलं. आईची शवपेटी समोर होती आणि मला ते आवडलं. तुझा हात हळूहळू खाली आला, तोही मी पाहिला.

त्यानंतर तू गायली नाहीस. मी मदत केली, असं मी म्हणत राहिले.

तर डेजाचा हात वर होता. मी तोंड मिटलं. मग उघडलं, आणि चालू माइकमध्ये म्हटलं, "सावकाश, बाळा. सावकाश." शॅरिसनं पाठोपाठ नुसता हुंकार धरला. ऑर्गनवाल्यानं वर बघितलं, हसला, आणि सूर पायाखाली पसरून ठेवला. तोही कुठल्यातरी चर्चच्या बाकावर वाढलेला असणार. तिसऱ्या रांगेतून एक मोठी गायिका उठली, हिऱ्यांनी मढलेली, आणि आपल्या गावच्या कुठल्याही आत्याबाईसारखी ओरडली, "घे वेळ, पोरी." मग इकडून एक, तिकडून एक, काळ्या बायका उठत गेल्या. बाकीचे लोक एकमेकांकडे बघत होते, काही बिघडलंय की काय म्हणून. कानात ब्रायसन शिव्या देत होता. एकोणीस सेकंद, असं नंतर सांगितलं मला. टीव्हीवर एकोणीस सेकंद म्हणजे काय, ते तुला मी काय सांगू.

मग ती आली. पहिल्या ओळीपासून परत घेतलं तिनं. आई असती तर चपला काढून उभी राहिली असती.

पण घरोघरी ते कुणी ऐकलं नाही. तुम्हाला दिसलं ते एवढंच, की एक मुलगी उभी राहून रडतेय, मग तिनं तोंड उघडलं, आणि टायरची जाहिरात लागली. उरलेलं गाणं ती त्या सभागृहात गायली आणि ते तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिची टवाळी सुरू झाली. थेट गायला निघाली होती म्हणे. तिची गाणी काढणाऱ्या कंपनीनं तिचा शरदातला गाण्यांचा दौरा पुढे ढकललाय, कधीपर्यंत ते सांगत नाहीत.

ब्रायसननं मला रंगमंचामागे गाठलं. मी आधी त्यालाही यंत्राचंच सांगितलं. तो म्हणाला, "मिस अर्लीन, माझा बाप चर्चचा डीकन होता. तुम्ही काय केलंत ते मला पहिल्या सेकंदाला कळलं. नसतं कळलं, तर एवढा राग आला नसता." मग म्हणाला की आता मला कामाला ना तो बोलावू शकेल, ना दुसरं कुणी. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

डेजा बोळात जमिनीवर बसली होती. उंच टाचांचे जोडे बाजूला, मांडीवर कागदी ताटली, गार मॅकरोनी खात होती. मी शेजारी बसले. बसले म्हणजे पडले, गुडघे आपल्या घरात सगळ्यांचे सारखेच.

"मावशी," ती म्हणाली, "तालमीत मी नुसता श्वास घेतला तर तू झडप घातलीस. आज का नाही उचललंस?"

"तू हात वर केलास."

"गाताना हात मी लहानपणापासून तसाच करते. कंपनीवाले म्हणतायत तू उचलायला हवं होतंस."

"बरोबर म्हणतायत."

मग मी तिला आईला पुरलं त्या दिवसाचं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला वाटत आलं होतं की तूच मला गीत दिलंस. तिनं काटा ताटलीत खोचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे आज तू माझ्यासाठी थांबलीस, का आईसाठी?"

मी तिचे जोडे उचलून तिच्याजवळ ठेवले. उत्तर तुला देते, कारण तू समोर नाहीस. पहिले पाचएक सेकंद तिच्यासाठी. पुढचे सगळे तुझ्यासाठी. तुझं देणं मी तुझ्या लेकीच्या खिशातून फेडलं. आणि ते फिटलंय असंही नाही.

पहिल्या पत्रात मी तुला ये म्हणून लिहिलं. तू कशानं आली असतीस ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्या खुर्चीत तू असतीस, आणि पोर थांबलीच नसती. ते आता लिहिते. ते गीत तुझं होतं. मी ते तुझ्या तोंडून काढून घेतलं. माझं चुकलं, नेटा.

अर्लीन


६ मे

नेटा,

काल फोनवर मी फक्त "हो" म्हणत राहिले, म्हणून हे लिहितेय. अकरा वर्षांनी बहिणीचा आवाज ऐकल्यावर माणूस काहीतरी धड बोलतो. माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

आधी तर वाटलं कुणी चुकून लावलाय. तू काही बोलत नव्हतीस. मागे तुमच्या छताच्या पंख्याची कुरकुर येत होती, अजून दुरुस्त नाही केलास ना तो. मी विचारणार होते, कोण आहे. मग ओळखलं आणि गप्प राहिले. मला गप्प राहायला किती कष्ट पडतात ते तुला माहीत आहे.

तू म्हणालीस, "डेजानं पाठवलं ते. सभागृहात कुणीतरी फोनवर घेतलेलं. शेवटपर्यंत आहे."

मी म्हटलं, "हो."

"पोरगी आईच्या पट्टीत गायली."

"हो."

"तू आईच्या पट्टीत नव्हतं घेतलंस. खाली आणलंस. स्वतःच्या सोयीच्या पट्टीत आणलंस."

नेटा, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. चारशे माणसं होती त्या दिवशी, पाळक होते, ऑर्गनवाली होती, सगळ्यांनी वाहवा केली. मी रात्रंदिवस ते मनात घोळवलं, तरी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तू फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून दोन्ही पट्ट्यांत म्हणून बघितलं. खरं आहे. घेताना मी ते माझं करून घेतलं होतं. मग खुर्चीवर बसले आणि हसायला लागले, आणि मग रडले. अकरा वर्षांत तू माझ्याबद्दल बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही माझी चूक काढणारं. किती बरं वाटलं ते सांगून खरं वाटणार नाही.

डेजा तशीच आहे. दौऱ्याचं अजून काही कळलं नाही. कंपनी म्हणते पुढच्या वेळी मुद्रित आवाज ठेवू, ती म्हणते मग पुढची वेळच नको. मला दर बुधवारी भेटायची, आता भेटत नाही. परवा फोन केला आणि म्हणाली, "मावशी, तुझ्यावर रागावलेय, पण किती ते अजून ठरलं नाही." मी म्हटलं, सावकाश ठरव. ती नाही हसली. तिच्या बाजूनं बरोबर आहे. टायरच्या जाहिरातीचं मला काही करता येणार नाही, आणि हे ओझं माझ्याकडेच राहील. तुला बरं वाटावं म्हणून मी ते हलकं करून लिहीत नाही.

मातृदिनाला चर्चला ये, असं तू सांगितलंस ते मी नंतर मनात पुन्हा पुन्हा ऐकलं, विश्वास बसेना. मी येते. शनिवारी दुपारच्या विमानानं लिटल रॉकला, तिथून बस. न्यायला येऊ नकोस, गुडघा सांभाळ. तू म्हणालीस, "मी आईचं गीत घेणारेय. घेईन की नाही ते उभी राहिल्यावर कळेल. तू पांढरं फूल लाव, मी दाखवेन त्या जागेवर बस, आणि मी थांबले तर तोंड उघडायचं नाही."

फूल मी आजच सांगून ठेवलंय. मातृदिनाला आई गेलेल्यांनी पांढरं लावायचं, पण आपण दोघींनी ते सोबत लावलंय, असं गेल्या अकरा वर्षांत एकदाही झालं नाही.

दारात तू पांढऱ्या हातमोज्यांत उभी असशील. जिथं नेशील तिथं बसेन. मागचा बाक दिलास तर मागचा, खांबाआडचा दिलास तर खांबाआडचा. घड्याळ घरी ठेवून येतेय.

फक्त एक विचारायचं राहिलं, काल धीर झाला नाही. तू थांबलीस, तर सगळं चर्च म्हणेल तेव्हा त्यांच्यात मिसळून मीही "सावकाश, नेटा" म्हटलं तर चालेल का? मोठ्यानं नाही, इतरांच्या आवाजाखाली. आणि तेवढंसुद्धा नको असेल तर तसं सांग. मी बाकावरचा तो पुठ्ठ्याचा हातपंखा घेईन आणि तू परत येईपर्यंत वारा घालत बसेन.

अर्लीन